लिटरला दोन पळ्या

मधुसूदन पाध्ये यांना निवांत बसलेलं झाशीत फारसं कुणी पाहिलं नव्हतं. जेवताना एक गुडघा उभा. चहा घ्यायचा तो दारात, पायात चपला घालून. वर्तमानपत्र वाचायचं ते गच्चीवर येरझारा घालत, आणि पान वाऱ्याने उडालं की वाऱ्यालाच शिव्या. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्मभर कारकुनी केली, पण साहेब त्यांना खुर्चीत शोधायचे आणि ते सापडायचे तिसऱ्याच कुणाच्या टेबलाशी, उभे. त्यांच्या पत्नी सरलाताई म्हणत, "यांच्या पायाला भिंगरी आहे हे मला लग्नानंतर कळलं. आधी सांगितलं असतं तर रुखवतात चपलांचे दोन जोड जास्त मांडले असते."

नोकरी पोटासाठी होती. खरं काम भिक्षुकीचं. पेशवाईत सुभेदारांबरोबर जी मराठी माणसं बुंदेलखंडात आली, त्यांतल्या एका भटजींचं हे घराणं. आता ती माणसं पांगली. कुणी इंदूरला गेलं, कुणी पुण्याला. उरली ती थोडी प्रेमनगरात, थोडी बडा बाजारच्या गल्ल्यांत, आणि आडबाजूच्या तालुक्यांतून एखाददुसरं घर. त्यांची मराठी घरातल्या घरात, तीही हिंदीची फोडणी दिलेली. पण गणेश चतुर्थीला प्रत्येक घराला आपलाच गुरुजी हवा असायचा, आणि झाशीत गुरुजी उरले होते एकच.

सगळ्यात लांबचं घर गरौठ्याच्या मोहित्यांचं. बेतवा नदी ओलांडायची, बरुआसागर, निवाडी, मऊरानीपुर करत जायचं आणि तिथून आत वळायचं. मोहित्यांचे पूर्वज फौजेत होते, पाध्यांचे पूर्वज त्यांचे उपाध्ये, आणि त्या घरातल्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा पाध्यांच्याच हातून व्हायची अशी रीत. तीही माध्यान्हीच्या आत. मधुसूदनांचे वडील रघुनाथशास्त्री मिळेल त्या बसने आणि उरलेलं पायी जायचे. मधुसूदन जायचे राजदूत मोटारसायकलवर.

ही राजदूत त्यांनी वर्कशॉपमधल्या एका फिटरकडून जुनीच घेतली, तेव्हा मुलगा विद्याधर पाळण्यात होता. गाडी काळी, टाकीवर लाल पट्टा, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली की सरलाताई पोळी तव्यावर टाकत. या गाडीला एक सोपस्कार लागायचा. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात टू-टी तेल मिसळावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन कोरडा घासून गाडी जाम होते. हे तेल मोजायला मधुसूदनांनी एक तांब्याची मोठी पळी ठेवली होती. अभिषेकाची पळी ती, दांड्यावरचा नाग तुटला म्हणून देवपूजेतून बाद झाली आणि गाडीच्या सेवेला लागली. पंपावर ते टाकीचं झाकण उघडत, पिशवीतून बाटली आणि पळी काढत, आणि आचमनाला म्हणतात ती नावं घेत तेल ओतत. "केशवाय नमः. नारायणाय नमः." लिटरला दोन पळ्या. पंपावरचा पोरगा हसायचा, मागची रांग हॉर्न वाजवायची. मग पेट्रोल. मग गाडी धरून गदागदा हलवायची, की झालं मिश्रण.

हे काम त्यांनी दुसऱ्या कुणालाही करू दिलं नाही. विद्याधर लहानपणी पळी धरायला हात पुढे करायचा तेव्हा त्या हातावर चापट बसायची. "हात लावू नकोस. अभ्यास कर जा." त्याने अभ्यास केला, इंजिनियर झाला, गुडगावला कंप्युटरच्या कंपनीत लागला, आणि बापासाठी स्वतःची जुनी मोटार झाशीत आणून ठेवली. मग राजदूत घरामागच्या बोळात गेली. तिच्यावर सतरंजी पडली, आणि सीटवर सरलाताई कुरडया वाळत घालू लागल्या.

पेट्रोल शंभरीला टेकलं त्या साली हे सगळं उलटं झालं. मोटार घेऊन बबिन्याला सत्यनारायण सांगून यावं तर दक्षिणा रस्त्यातच जळून जायची. मधुसूदनांनी एका सकाळी मोटारीवर कव्हर चढवलं, बोळातल्या कुरडया सरलाताईंच्या हातात दिल्या आणि राजदूत ढकलत सैंयर गेटबाहेर हरगोविंद मिस्त्रीकडे नेली. तिथे बघतात तो ही गर्दी! कुणाच्या गोठ्यातून येझदी आली होती, कुणाच्या जिन्याखालून लुना. एका वकिलाने तर वडिलांची लॅम्ब्रेटा हातगाडीवर घालून आणली होती. सगळे म्हातारे आपापली म्हातारी गाडी धरून उभे, जुने वर्गमित्र भेटावेत तसे एकमेकांच्या गाड्यांची चौकशी करत होते. हरगोविंदला मान वर करायला फुरसत नव्हती. "पंडज्जी, मोदी-योगी जो करें सो करें, हमाई तो दिवारी हो गई," तो म्हणाला आणि राजदूतच्या टाकीतला गंज झटकू लागला.

गाडी सुरू झाली. धूर मात्र भयंकर करायची. गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावायच्या. सरलाताई म्हणाल्या, "तुम्ही येताय हे आधी नाकाला कळतं." मधुसूदनांना त्याचं काही नव्हतं. मोटारीत बसलं की काचेच्या डब्यात घातल्यासारखं वाटायचं त्यांना. आता अंगाला वारा लागत होता.

त्या वर्षी विद्याधर घरीच होता. साथीमुळे त्याची कंपनी घरून काम करून घेत होती, पण दिवाळीनंतर त्याला गुडगावला परत जायचं होतं, आणि आईबापांना बरोबर घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. त्याला कारणही होतं. चैत्रात मधुसूदन बडा बाजारात एक वास्तुशांत करायला गेले आणि पूजेची पिशवीच चहाच्या टपरीवर विसरून आले. देवांसकट. टपरीवाल्याने आणून दिली म्हणून निभावलं. विद्याधरने ती गोष्ट धरून ठेवली होती.

"बाबा, अब बस करा ना," तो म्हणायचा. "गेल्या साली लॉकडाऊनमध्ये गरौठ्यावाल्यांनी फोनवर पूजा केलीच ना? पुण्याच्या गुरुजींनी सांगितली, झाली. कुणाचं काय अडलं?"

हे वाक्य मधुसूदनांच्या वर्मी लागायचं. गेल्या चतुर्थीला पोलिसांनी बेतवेच्या पुलावरून परत पाठवलं होतं, आणि गरौठ्याच्या अनुसूयाबाई मोहिते यांच्या नातवाने, श्रीकृष्णाने, मोबाइलवर पुण्याचा कुणी गुरुजी लावून प्राणप्रतिष्ठा उरकली होती. यंदा त्याचा पुन्हा फोन आला होता. "गुरुजी, तकलीफ मत कीजिए. जमलं तर या. नाहीतर बारा वाजता आम्ही व्हिडिओवर करून घेऊ." अगदी नम्रपणे बोलला पोरगा. पण मधुसूदनांना त्यातलं खरं कळलं. यंदा दुसऱ्यांदा फोनवर झालं की तीच रीत पडणार. मग गरौठा संपला, आणि गरौठा संपला की एकेक करून बाकीची घरंही संपणार, आणि मग सकाळी उठून चपला घालायच्या त्या कशासाठी?

"फोनमधून प्राण जातात होय रे?" ते ओरडले. "मी जाणार. राजदूतवर जाणार."

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बापलेकांत असं जुंपलं की शेजारच्या तिवारींनी टीव्हीचा आवाज कमी केला. शेवटी विद्याधर म्हणाला, "ठीक आहे. जा. पण गाडी वाटेत बंद पडली, किंवा तुम्ही काही विसरलात, तर दिवाळीनंतर आपण तिघं गुडगावला. मग काही बोलायचं नाही."

"आणि पोचलो आणि परत आलो तर?"

"तर मी परत गुडगावचं नाव काढणार नाही."

"कबूल. सरले, तू साक्षीदार."

"मला कुठेही चालेल," सरलाताई आतून म्हणाल्या. "पण तिथे हे दिवसभर लिफ्टमधून वरखाली करत बसतील."

चतुर्थीला मधुसूदन उजाडायच्या आधी बाहेर पडले. प्रेमनगरातली घरं पायीच करायची होती. एका घरी पत्री कमी, एका घरी जानवं सापडेना, एका घरी यजमानच आंघोळीत. सगळ्यांवर खेकसत, मंत्रांचा वेग वाढवत ते परत आले तेव्हा ऊन चढू लागलं होतं. दारात राजदूत उभी. पुसलेली, चकाकत. बाजूला विद्याधर, हातात फडकं.

"टाकी फुल करून आणली, बाबा. हवा पण चेक केली."

काल ज्या पोराला मधुसूदन नाही नाही ते बोलले होते, तो पहाटे उठून पंपावर रांगेत उभा राहिला होता. त्याच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. अशा वेळी काय करायचं असतं हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी पूजेची पिशवी हँडलला अडकवली, ती दोनदा तपासली, आणि किक मारली. पळी तिच्या कोनाड्यात होती. पेट्रोल भरायला निघताना ती घ्यायची ही त्यांच्या हाताची सवय. आज भरायला जायचंच नव्हतं, तेव्हा हात तिकडे वळला नाही.

बेतवेच्या पुलावर वारा छान लागला. नदी भरून चालली होती. बरुआसागरच्या बाजारात आल्याचे ढीग पडले होते, तो तिखट वास नाकात भरला. पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा मधुसूदनांनी आरशात पाहिलं आणि त्यांना आनंदाचं भरतं आलं. मागे धूर नव्हता! रोज ढगच्या ढग सोडणारी गाडी आज अशी स्वच्छ पळत होती की जणू मोटार. हरगोविंदने कार्बोरेटर जमवला शेवटी, ते मनात म्हणाले. परत गेल्यावर सरलेला दाखवतो. त्यांनी वेग वाढवला आणि अथर्वशीर्ष मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

निवाडी मागे पडली आणि गाडीचा आवाज बदलला. आधी बारीक किणकिण. मग इंजिनातून कुणी दात खात असल्यासारखा आवाज. मधुसूदनांनी ॲक्सिलरेटर सोडायच्या आत मागचं चाक जागच्या जागी आवळलं गेलं आणि गाडी रस्त्यावर फरफटली. हाताने आपसूक क्लच दाबला म्हणून ते वाचले. कडेला थांबून त्यांनी किक मारली. किक खाली जाईना. दोन्ही पायांनी उभे राहिले तिच्यावर, तरी हलेना.

त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. काठोकाठ भरलेली टाकी. बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं. मिश्रण असेल तर बोट बुळबुळीत राहतं. हे बोट बघता बघता वाळून कोरडं झालं. तेलाचा थेंब नव्हता. निव्वळ कोरं पेट्रोल.

संताप असा आला की कानशिलं तापली. हा इंजिनियर! लाखाचा पगार घेतो आणि एवढं कळत नाही! त्यांनी मोबाइल काढला, विद्याधरचा नंबर लावला, आणि तोंडात शब्द तयार ठेवले: गाडी तुझ्यामुळे बंद पडली, करार मोडला, आता गुडगावचं नाव काढायचं नाही. पहिली घंटा वाजली. आणि त्यांना ती पळी आठवली, आणि पळीकडे आलेला तो लहान हात, आणि स्वतःची चापट. कुठून कळणार होतं त्याला? कधी कळू दिलं आपण? दुसरी घंटा वाजायच्या आत त्यांनी फोन बंद केला. आणि बंद करताना हेही कळलं की आता हरलो. गाडी आपल्यामुळे बंद पडली असं म्हणायचं तर दिवाळीनंतर गुडगाव, आणि मुलामुळे म्हणायचं तर मुलाचं तोंड बघवणार नाही.

पण सूर्य कुणासाठी थांबत नव्हता. गाडी त्यांनी जवळच्या पंक्चरवाल्याच्या स्वाधीन केली आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. एक ट्रक शिवी देऊन गेला. जीप भरलेली होती. मग लांबून धड् धड् धड् असा आवाज आला, इतका मोठा की आधी मधुसूदनांना ट्रॅक्टरच वाटला. ती होती डिझेलवर चालणारी जुनी बुलेट, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर एक मिशाळ दूधवाला.

"काए पंडज्जी, का हो गओ?"

"भैया, गरौठा पहुँचाओ. दोपहर से पहले. गणेशजी बैठे हैं."

"कॅन पकड़ कें बैठ जाओ. जा गाड़ी भौत हिलत है."

ती नुसती हलत नव्हती, ती माणसाची हाडं मोजत होती. दूधवाला सांगत होता की ही त्याच्या बापाची, भुसाच्या कोठीत पडली होती, पेट्रोलचे भाव वाढले तशी धुऊन काढली, डिझेल पिते पण मुंगीसारखं पिते. मधुसूदनांना त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. ते एका हाताने कॅन, दुसऱ्या हाताने पूजेची पिशवी धरून सूर्याकडे बघत होते.

गरौठ्यात मोहित्यांच्या ओसरीवर मखरासमोर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. पडद्यावर पुण्याचा तरुण गुरुजी. पाटावर श्रीकृष्ण, सोवळं नेसून, घामाघूम. आणि अनुसूयाबाई परसात. "दूर्वा कमी पडतायत," म्हणून त्या गेल्या होत्या. त्याआधी लाल फूल आणायला गेल्या होत्या, आणि त्याच्याआधी समईची वात बदलायला. पुण्याचे गुरुजी दोनदा म्हणाले होते की मला पुढे चार ठिकाणी जोडायचंय. दारात धडधड थांबली तशा त्या परसातून आल्या, दूर्वा हातात तशाच, आणि धुळीने पांढरे झालेले मधुसूदन पाहून त्यांनी मोबाइल उचलला. "तुमची दक्षिणा पाठवते हो. आमचे गुरुजी आले." आणि फोन पालथा ठेवला.

मधुसूदनांनी हात तीनदा धुतले तरी नखातलं काळं काही निघालं नाही. त्याच हाताने दूर्वा मूर्तीच्या हृदयाला लावून त्यांनी मंत्र म्हटले, आणि आवाज जरा कापला. अनुसूयाबाईंना वाटलं दमलेत. ते दमले नव्हते. या घरात आपलं हे शेवटचं येणं, एवढंच त्यांना कळत होतं.

जेवताना विद्याधरचा फोन आला. "पोचलात? फोन केला होता का मगाशी? मीटिंगमध्ये होतो. पेट्रोल पुरलं ना?"

"पुरलं," मधुसूदन म्हणाले. "उरलंसुद्धा."

परत ते बसने आले. वाटभर एकच वाक्य तोंडात घोळवत होते, आणि दारात सरलाताईंनी "गाडी कुठंय?" म्हणताच ते त्यांनी टाकलं. "निवाडीपुढे जाम झाली. तेल घालायला विसरलो मी."

विद्याधर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू झाला. त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, बाबा. होतं असं, उम्र झाली आता. लागलं नाही ना कुठे?" मग जरा थांबून, "मग दिवाळीनंतर…?"

"शब्द दिलाय ना? येतो."

दुसऱ्या दिवशी मधुसूदन ओसरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. दोन्ही पाय जमिनीवर. वर्तमानपत्र बसून वाचलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. सरलाताईंनी मुद्दाम म्हटलं, "जरा कोथिंबीर आणता?" तर म्हणाले, "विद्याधर आणेल." ती कोथिंबीर विद्याधरने आणली, पण येताजाता तो खुर्चीकडे बघत राहिला. याच खुर्चीत बाप बसावा म्हणून तो चैत्रापासून भांडत होता, आणि आता बापाला तिथे बघवत नव्हतं त्याला.

गौरी जेवून गेल्या त्या संध्याकाळी टेम्पोतून राजदूत घरी आली. विद्याधरने ती बोळात लावली आणि येऊन विचारलं, "हिचं काय करायचं, बाबा? भंगारात द्यायची?"

"दे."

सरलाताई मोरीशी बसून गौरींची तांब्याची भांडी चिंचेने घासत होत्या. त्या उठल्या, कोनाड्यातून तुटक्या नागाची पळी घेऊन आल्या. "गाडीच चालली तर ही पण घासून टाकते."

"ही कशाला लागते?" विद्याधरने विचारलं.

"अरे, तेल मोजायला. तुला ठाऊक नाही? यांचं ते केशवाय नारायणाय. पंपावर जायचे तेव्हा घेऊन जायचे ना बरोबर."

"म्हणजे तेल पेट्रोल भरतानाच घालायचं असतं?"

"कधीही घालतात," मधुसूदन खुर्चीतून घाईने म्हणाले.

"कधीही कुठे?" सरलाताई म्हणाल्या. "आधी तेल, मग त्यावर पेट्रोल. इतकी वर्षं बघत आले मी. एकदा तेल घरूनच घालून न्या म्हटलं तर केवढे ओरडला होतात माझ्यावर."

चिंचेचा हात थांबला. सरलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"पण त्या दिवशी पेट्रोल मी भरलं होतं," विद्याधर म्हणाला.

तिवारींच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"मी विचारायला हवं होतं," मधुसूदन वर्तमानपत्रात बघत म्हणाले. "विचारलं नाही, म्हणजे विसरलोच की."

"तुम्हाला तिथेच कळलं होतं. रस्त्यावर."

"बोट बुडवलं की कळतं."

"म्हणून फोन केला होता तुम्ही. मग बोलला का नाहीत? जिंकला असतात!"

"बोलणार होतो. शिव्या देणार होतो चांगल्या." मधुसूदनांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, परत केली. "पण तुला त्या गाडीला कधी हात लावू दिला नाही मी. पळी धरायला यायचास तर मारायचो. मग तुला कोण सांगणार होतं?"

विद्याधरचे डोळे भरून आले. तो गडी बापावर गेलेला; त्यालाही पुढे काय करायचं कळेना. त्याने आईच्या हातातून ती चिंच लागलेली पळी घेतली, सदऱ्याला पुसली आणि खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

"लिटरला किती, बाबा?"

"आता कशाला? भंगारात चालली ना?"

"नाही चालली. हरगोविंदला विचारतो, पिस्टन मिळतो का कुठे. किती, सांगा ना."

"आणि गुडगाव? शब्द दिलाय मी."

"साक्षीदार मी आहे," सरलाताई मोरीवरून म्हणाल्या. "गाडी बंद पाडली यानेच. तो शब्द गेला."

मधुसूदनांनी खुर्चीखाली पायाने चाचपलं. चपला तिथेच होत्या, त्यांनी त्या घातल्या.

"दोन," ते म्हणाले. "पहिली केशवाय नमः, दुसरी नारायणाय नमः. तिथेच थांबायचं. माधवापर्यंत गेलास तर गल्लीभर धूर. अशी नाही धरत ती, सांडेल. आण इकडे… नाही, राहू दे, तूच धर. चल, दाखवतो." आणि विद्याधर वळायच्या आत ते बोळाच्या दारात जाऊन पोचलेसुद्धा.